नदीकाठचे वृक्षारोपण आणि राज्याचे कर्तव्य : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

वृक्ष लावणे हे पुण्यकर्म आहे, असे आपल्या देशातील बहुतेक सर्व परंपरा सांगतात. परंतु ते राज्याचेही कर्तव्य आहे, असे शिलेवर कोरून जाहीर करणारा भारताच्या ज्ञात इतिहासातील पहिला राजा म्हणजे सम्राट अशोक होय. या दोन विधानांत मोठे अंतर आहे. पुण्यकर्म व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून असते. कर्तव्याचा जाब मात्र विचारता येतो. नदीकाठी देशी वृक्ष लावण्यासाठी शासन आज जे साहाय्य देते किंवा देऊ म्हणते, त्याचा विचार या दुसऱ्या दृष्टीने करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण म्हणून बीड जिल्हा घेतला आहे. नदी, दुष्काळ, स्थलांतर आणि भूमिहीनता हे चारही प्रश्न जेथे एकमेकांत गुंतले आहेत, असा हा जिल्हा आहे.

बीडच्या नद्या

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर असून त्यात अकरा तालुके आहेत. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. दक्षिणेकडे बालाघाटची डोंगररांग आहे. पाटोदा तालुक्याच्या डोंगराळ भागात उगम पावणारी मांजरा ७२४ किलोमीटरचा प्रवास करून तेलंगणातील कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. तिच्यावरील धनेगावच्या धरणावर लातूर, अंबाजोगाई, केज यांची तहान अवलंबून आहे. सिंदफणा याच डोंगरांतून निघून माजलगावच्या धरणात अडते आणि पुढे मंजरथजवळ गोदावरीत विलीन होते. बीड शहराच्या मधून जाणारी बिंदुसरा ही सिंदफणेची उपनदी.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बिंदुसरा हे नाव ऐकले की आपल्या वाचकांना अशोकाचा पिता बिंदुसार आठवतो. या नदीवरील धरण ज्या गावाजवळ आहे, त्या गावाचे नावही पाली असेच आहे. परंतु केवळ नामसाम्यावरून इतिहास रचणे हे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही. अशोकाशी बीडच्या नद्यांचा संबंध जोडायचाच असेल, तर तो नावाने नव्हे, कामाने जोडावा.

या नद्यांचा स्वभाव दोन टोकांचा आहे. वर्षातील बहुतेक महिने पात्र कोरडे असते; आणि पावसाळ्यातील एखाद्या रात्री तेच पात्र गाव बुडवते. १९८९ च्या जुलै महिन्यात बिंदुसरेला आलेल्या पुराने बीड शहरात मोठी जीवितहानी झाली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सिंदफणा, मांजरा, बिंदुसरा आणि गोदावरी या सर्वच नद्यांना पूर आले. पिके तर गेलीच, पण काठच्या शेतांची माती खरडून गेली. पीक एका हंगामाचे असते. मातीचा थर तयार होण्यास मात्र शतके लागतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी त्यात हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांच्या कामांची तरतूद सांगण्यात आली. हे साहाय्य आवश्यकच होते. परंतु काठ उघडा ठेवून शेतात पुन्हा माती आणून टाकणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. मातीला धरून ठेवणारी मुळे काठावर नसतील, तर पुढचा पूर ती माती पुन्हा घेऊन जाईल.

नदीकाठचे झाड नेमके काय करते, हे थोडक्यात पाहू. त्याची मुळे काठाची माती बांधून ठेवतात. खोड, झुडपे आणि गवत मिळून पुराच्या पाण्याचा वेग कमी करतात. वेग कमी झाला की पाण्यातील गाळ पात्रात जाण्याऐवजी काठावर बसतो. पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेल्या जमिनीत पावसाचे पाणी मुरते आणि तेच पुढे झऱ्याच्या रूपाने हळूहळू नदीला परत मिळते. म्हणजे पूर आणि टंचाई या दोन्ही टोकांना सौम्य करण्याचे काम एकच झाड करते. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे वर्षाचा पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या घरात असतो आणि तोही मोजक्या दिवसांत पडतो, तेथे या कामाचे मोल अधिक आहे.

पालि साहित्यातील वृक्षविचार

संयुत्तनिकायातील देवतासंयुत्तात ‘वनरोप’ नावाचे एक लहानसे सुत्त आहे. कोणाचे पुण्य दिवसरात्र वाढत राहते, असा प्रश्न तेथे विचारला आहे. उत्तरात भगवंतांनी उपवने लावणारे, वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई आणि विहीर देणारे, निवारा देणारे, अशांची गणना केली आहे. या यादीत यज्ञ नाही, बळी नाही, मंत्र नाही. सर्व कामे सार्वजनिक उपयोगाची आहेत, आणि ती करणारा निघून गेल्यावरही इतरांच्या उपयोगी पडत राहतात. ‘दिवसरात्र वाढणारे पुण्य’ या कल्पनेचा बुद्धिगम्य अर्थ हाच आहे. ज्या कामाचा उपयोग सातत्याने होतो, त्याचेच पुण्य सातत्याने वाढते. म्हणून लावल्यावर तीन महिन्यांत वाळून जाणारे रोप या सुत्ताच्या कसोटीला उतरत नाही.

विनयपिटकाकडे वळले तर अधिक तपशील मिळतो. भिक्खूंनी वनस्पतींचा नाश करू नये, असा पाचित्तिय नियम आहे. त्यात ‘भूतगाम’ या शब्दाचे स्पष्टीकरण देताना वनस्पतींचे उत्पत्तीनुसार पाच प्रकार सांगितले आहेत : मूलबीज, खन्धबीज, फळुबीज, अग्गबीज आणि बीजबीज. हळद-आले मुळापासून येतात. ऊस आणि बांबू पेरापासून येतात. धान्ये आणि कडधान्ये बीपासून येतात. खन्धबीजाची, म्हणजे खोडापासून किंवा जाड फांदीपासून रुजणाऱ्या झाडांची उदाहरणे देताना अस्सत्थ, निग्रोध, पिलक्ख आणि उदुम्बर ही नावे येतात. आपल्या भाषेत पिंपळ, वड, पायर किंवा पिंपरी आणि उंबर. वनस्पतिशास्त्रात ही चारही झाडे एकाच कुळातील आहेत.

ही यादी केवळ भाषेच्या अभ्यासकासाठी नाही. वड, उंबर आणि पायर यांची मनगटाएवढी जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर ओल्या काठात खोल रोवली, तर ती रुजते. पिंपळ त्या मानाने अवघड जातो, पण रोपाने लावता येतो. रोपवाटिकेतील वीतभर रोपापेक्षा अशी उंच फांदी शेळ्यांच्या तोंडापासून आणि पुराच्या पहिल्या लोंढ्यापासून अधिक सुरक्षित असते. विनयपिटकाच्या संकलकांना ठाऊक असलेली ही गोष्ट आजच्या लागवडीच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसते, कारण अंदाजपत्रक रोपांची आणि खड्ड्यांची संख्या मोजते.

आणखी एक मुद्दा आपल्या विहारांच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. वृक्षारोपणाचा कार्यक्रम म्हटला की आपण बहुधा पिंपळाचे रोप आणतो. बोधिवृक्षाविषयीचा आदर स्वाभाविक आहे. परंतु दीघनिकायातील महापदानसुत्तात सात बुद्धांचे सात वेगवेगळे बोधिवृक्ष सांगितले आहेत : पाटली, पुण्डरीक, साल, सिरीस, उदुम्बर, निग्रोध आणि अस्सत्थ. अट्ठकथेनुसार पुण्डरीक म्हणजे श्वेत आम्रवृक्ष. म्हणजे परंपरेनेच बोधीचा संबंध एका जातीपुरता मर्यादित ठेवलेला नाही. पाडळ, आंबा, शिरीष, उंबर, वड आणि पिंपळ ही सहा झाडे मराठवाड्यातील माणसाला परकी नाहीत. सातवा, सालवृक्ष, मात्र येथला नाही. तो हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंतच्या प्रदेशात वाढतो. लुम्बिनी आणि कुसिनारा यांच्या आठवणीसाठी तो बीडच्या कोरड्या हवेत लावावा, असे एखाद्या उपासकाला वाटेल. भावना समजण्यासारखी आहे, परंतु ‘देशी’ या शब्दाचा अर्थ ‘भारतातील’ एवढाच नाही. त्या हवेचे, त्या मातीचे, त्या पावसाचे झाड, असा तो अर्थ आहे.

पाण्याच्या काठच्या झाडांच्या नोंदीही पालि साहित्यात आहेत. नेरञ्जरेच्या काठची रम्य वनराई पाहून बोधिसत्त्वाने तपासाठी ती जागा निवडली, असे मज्झिमनिकायात सांगितले आहे. उरुवेलेच्या प्रसंगात पुष्करिणीच्या काठी असलेल्या ककुध वृक्षाचा उल्लेख महावग्गात येतो. तेथील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी पाण्याकाठी ककुध वृक्ष असल्याचे निरीक्षण खरे आहे. ककुध म्हणजे आपला अर्जुन किंवा अर्जुनसादडा. ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणे हाच त्याचा स्वभाव आहे.

अशोकाचा आदर्श आणि त्याचा अर्थ

अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी चिकित्सेची सोय, औषधी वनस्पतींची लागवड, रस्त्यांवर विहिरी आणि वृक्ष यांची नोंद आहे. दिल्ली-तोपरा स्तंभावरच आढळणाऱ्या सातव्या स्तंभलेखात ती अधिक तपशिलाने येते. मार्गांवर सावलीसाठी वड लावले, आमराया लावल्या, अर्ध्या अर्ध्या कोसावर विहिरी खोदल्या, विश्रामस्थाने आणि पाणपोया उभारल्या, असे राजा सांगतो. पाचव्या स्तंभलेखात वने निष्कारण जाळू नयेत, अशीही आज्ञा आहे. महाराष्ट्रात सोपारा येथे अशोकाच्या शिलालेखांचे जे अवशेष मिळाले, ते आठव्या आणि नवव्या लेखाचे आहेत. त्यामुळे वृक्षांविषयीचा लेख आपल्या भूमीवर उपलब्ध नाही. परंतु त्या शासनाची कक्षा येथवर होती, हे त्यांवरून सिद्ध होते.

या लेखांतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, अंतर मोजून काम करणे. ‘अर्धा कोस’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो घोषणेचा नव्हे, तर नियोजनाचा शब्द आहे. दुसरी, उपयोग कोणाला हे सांगणे. अशोक सावलीचा उल्लेख करतो तो पशू आणि माणसे या दोघांसाठी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अशा सुखसोयी पूर्वीच्या राजांनीही केल्या होत्या, असे तो स्वतःच मान्य करतो आणि आपण त्या लोकांनी धम्माचे अनुसरण करावे म्हणून केल्या, असे म्हणतो. म्हणजे झाड हे साधन आहे. माणसामाणसांतील न्याय्य व्यवहार हे साध्य आहे. हा तिसरा मुद्दा पुढे जमिनीच्या प्रश्नात आपल्या उपयोगी पडेल.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. दुसऱ्या शिलालेखात, जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या बाहेरून आणवून लावल्या, असे म्हटले आहे. मग देशी झाडांचाच आग्रह का? उत्तर असे की, औषधासाठी एखादी वनस्पती बागेत जोपासणे आणि मैलोगणती नदीकाठ एखाद्या परक्या जातीच्या स्वाधीन करणे, यांत फरक आहे. वेडी बाभूळ आणि बेशरम यांनी आपल्या ओढ्या-नाल्यांचे काय केले, हे खेड्यातील कोणताही माणूस सांगेल. झटपट वाढतात म्हणून लावलेली सुबाभूळ आणि निलगिरी यांनी सरकारी आकडे हिरवे केले. परंतु पाखरांना उंबर देतो ते अन्न त्यांनी दिले नाही.

कोणती झाडे, कोठे

नदीचा काठ ही एक रेषा नसून उताराचा पट्टा आहे, आणि त्यातील प्रत्येक पायरीचे झाड वेगळे आहे. पाण्यालगत, जेथे पूर दरवर्षी येतो, तेथे वाळा, लव्हाळा, निर्गुडी आणि वाळुंज यांसारख्या लवचिक वनस्पती हव्यात. त्या पुरात वाकतात आणि पूर ओसरला की पुन्हा उभ्या राहतात. त्याच्या वर, उतारावर, करंज, उंबर, जांभूळ आणि अर्जुन. करंज शेंगावर्गीय असल्याने मातीत नत्र साठवतो आणि ऐन उन्हाळ्यातही हिरवा राहतो. सर्वांत वर, शेताच्या बांधाजवळ, वड, पिंपळ, कडुनिंब, शिरीष, आंबा आणि देशी बाभूळ. पात्राच्या मधोमध मात्र मोठी झाडे लावू नयेत. तेथे ती पाण्याची वाट अडवतात.

जागोजागची यादी करण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. गावातील वृद्ध गुराखी, वैदू आणि औषधी पाला जाणणाऱ्या स्त्रिया यांचे ज्ञान या नोंदवहीत यावे, हा तिचा उद्देश आहे. काठावर पूर्वी कोणती झाडे होती, हे विचारण्याची हीच योग्य जागा आहे.

शासनाचे साहाय्य : आजवरचा प्रवास

महाराष्ट्रात लोकांना काम आणि जमिनीला उपचार यांची सांगड १९७२ च्या दुष्काळात घातली गेली. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. १९८२ साली सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली, आणि ती यशस्वी झाली. यशाचे कारण उघड आहे : झाड शेतकऱ्याच्या जमिनीत होते, फळ त्याचे होते, म्हणून राखणही त्याचीच होती.

पुढे आकड्यांचे पर्व आले. राज्याच्या मोहिमेचे लक्ष्य २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे असे वाढत गेले. त्यांपैकी किती जगली, हा प्रश्न इतका तीव्र झाला की २०२१ साली विधिमंडळ सदस्यांच्या समितीकडून चौकशीची घोषणा करावी लागली. २०२२ च्या मार्चमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनीकरणाच्या मार्गाने तेरा नद्यांच्या पुनरुज्जीवनाचे आराखडे प्रसिद्ध केले. त्यांत गोदावरी आहे आणि सर्व आराखड्यांचा मिळून खर्च सुमारे १९,३४२ कोटी रुपये दाखवला आहे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सेवाग्राम येथून राज्याचे ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू झाले. २०२५ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यात ‘हरित बीड’ अभियान राबवले गेले.

खुद्द बीडजवळचे एक उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. पालवण येथील वनखात्याच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. २०२० च्या फेब्रुवारीत तेथे वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद एका वडाला देण्यात आले. उजाड डोंगरावर देशी झाडे जगू शकतात, हे या प्रयत्नाने दाखवले. २०२१ च्या उन्हाळ्यात तेथे वणवा लागला आणि काही झाडे होरपळली. यातून जे शिकायचे ते असे : झाड लावण्याचा दिवस एक असतो, झाड राखण्याचे दिवस हजार असतात. शासनाचे साहाय्य मात्र अजूनही प्रामुख्याने त्या एका दिवसाभोवती फिरते.

राखण कोण करणार?

या प्रश्नाचे एक उत्तर बिहारमधून आले. २००९ च्या सुमारास तिरहुत विभागाचे आयुक्त एस. एम. राजू यांनी राष्ट्रीय रोजगार हमीतून लागवडीची वेगळी पद्धत सुरू केली. एका गटाकडे २०० झाडे सोपवायची आणि तीन वर्षे त्यांच्या राखणीची मजुरी द्यायची. नव्वद टक्के झाडे जगली तर पूर्ण मजुरी. जगण्याचे प्रमाण घसरले तर मजुरीही घटणार. म्हणजे पैसा खड्ड्याला नव्हे, जगलेल्या झाडाला. महाराष्ट्रानेही ‘बिहार पॅटर्न’ या नावाने ही पद्धत स्वीकारली.

बीडमध्ये या पद्धतीपुढे एक विशेष अडचण आहे. जुलैत लावलेल्या रोपाचा खरा कसोटीचा काळ डिसेंबर ते मे हा असतो. आणि नेमक्या त्याच काळात या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे गावात नसतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाणी घालणारे हातच गावात नसतील, तर रोप जगणार कसे? रोपे वाळली म्हणून लोकांच्या अनास्थेला दोष देणाऱ्यांनी हे वेळापत्रक एकदा समोर ठेवावे.

राखणीच्या मजुरीने स्थलांतर थांबेल, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. शंभर दिवसांचे ३१,२०० रुपये होतात. कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादमाकडून मिळणाऱ्या उचलीशी या रकमेची बरोबरी होत नाही. परंतु टोळी गेल्यावरही गावात काही माणसे उरतात : म्हातारी माणसे, एकल स्त्रिया, लहान लेकरांच्या आया, अपंग व्यक्ती. दोनशे झाडांना पाणी घालणे, कुंपण सांभाळणे, गवत कापून आगीपासून बचाव करणे ही कामे त्यांच्या आवाक्यातील आहेत. नदीकाठी पाणी जवळ असल्याने कष्टही कमी. ज्या आईला असे काम गावात मिळेल, तिच्या मुलाची शाळा निदान सुटणार नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे या स्थलांतरात आहेत. म्हणून झाडांचा प्रश्न हा आपल्याला पर्यावरणाइतकाच शिक्षणाचाही वाटला पाहिजे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे. त्याचबरोबर पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूदही आहे. लागवडीचा हंगाम आणि पेरणीचा हंगाम एकच असतो, तेव्हा वृक्षलागवडीचे काम या विरामात अडकणार नाही, याकडे लक्ष द्यावे लागेल. उलट राखणीचे दिवस हिवाळ्या-उन्हाळ्यात येतात. तेथे वाढीव दिवसांचा लाभ करून घेता येईल.

जमिनीचा प्रश्न

आता सर्वांत नाजूक मुद्दा. सरकारी कागदावर ‘रिकामी’ दिसणारी जमीन प्रत्यक्षात रिकामी असतेच असे नाही. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसत आली आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची हीच मागणी होती. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. बीड जिल्ह्यात हा निर्णय कागदावरून शेतापर्यंत आणण्यासाठी एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून आयुष्य वेचले. तरीही अनेकांच्या नावे सातबारा झालेला नाही.

अशा कुटुंबाच्या कसत्या जमिनीवर एके दिवशी वृक्षलागवडीचे खड्डे पडतात, तेव्हा त्याला तो हिरवा उपक्रम वाटत नाही. तो हुसकावण्याचा नवा मार्ग वाटतो. ही भीती निराधार म्हणून उडवून लावता येणार नाही. म्हणून आपली भूमिका दुहेरी असली पाहिजे. नदीकाठी झाडे हवीत, हे निःसंदिग्धपणे म्हणावे. आणि ती भूमिहीनाच्या ताब्यातील जमिनीवर नव्हे, तर खऱ्या काठावर हवीत, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणावे. काठाचा पट्टा ज्याच्या नावे आहे, तो अल्पभूधारक असेल तर त्याने सोडलेल्या जागेचा मोबदला शासनाने द्यावा. जेथे गरीब कुटुंब आधीच काठ कसत असेल, तेथे त्यालाच राखणदार नेमून जांभूळ, आंबा, करंजाच्या बिया यांच्या उत्पन्नाचा लेखी हक्क द्यावा. १९९० च्या फळबाग योजनेचे यश याच तत्त्वावर उभे होते.

नदी : एक आणि अखंड

शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह आपल्या वाचकांना सुपरिचित आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा संबंध याच कलहाशी जोडला. नदी दोन्ही तीरांची असते आणि एका तीराने दुसऱ्याचा विचार न करता केलेला व्यवहार वैराकडे नेतो, हा त्या कथेचा बोध आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे श्रमसदस्य असताना बाबासाहेबांनी हाच विचार धोरणात उतरवला. दामोदर आणि महानदी यांच्या प्रश्नांत पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्रित विचार करावा आणि नदीचे खोरे हे नियोजनाचे एकक मानावे, असा त्यांचा आग्रह होता.

नदीकाठच्या लागवडीलाही हे तत्त्व लागू आहे. वरच्या गावाने काठ राखला आणि खालच्या गावाने वाळू उपसली, तर दोघांचेही नुकसान होते. उपसा वाढला की पात्र खोल जाते, काठ ढासळतो आणि झाडे मुळासकट कोसळतात. तेव्हा पाटोद्याच्या डोंगरापासून मंजरथच्या संगमापर्यंत सिंदफणा ही एकच नदी मानून आराखडा व्हावा, आणि त्यात लागवडीइतकेच स्थान वाळूउपशावरील नियंत्रणाला असावे.

करावयाचे काम

गावागावांतील बौद्धजन पंचायती, विहार समित्या आणि महिला मंडळे यांनी ग्रामसभेत काही साधे प्रश्न मांडावेत. आपल्या गावाचा किती काठ उघडा आहे, हे कोणी मोजले आहे का? लावायच्या झाडांची यादी गावातील जाणत्या माणसांना विचारून केली आहे का? राखणीची तीन वर्षांची मजुरी मंजूर आहे का, आणि ती कोणाला मिळणार? ती मजुरी जगलेली झाडे मोजून दिली जाणार आहे का? ज्या जमिनीवर खड्डे पडणार, ती आज कोण कसते?

हे प्रश्न वेळेवर विचारले पाहिजेत. पुढील वर्षाच्या कामांचा आराखडा ग्रामसभांपुढे येतो तो साधारणतः ऑक्टोबरच्या सुमारास, आणि तोच टोळ्या निघण्याचा काळ आहे. म्हणून वर्षावासाच्या तीन महिन्यांत, ग्रंथवाचनासाठी लोक विहारात जमतात तेव्हाच, एक दिवस या विषयासाठी ठेवावा. मागणीचा अर्ज लिहून त्यावर स्थलांतरास जाणाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत निर्णय झाला तरी त्यांचे म्हणणे नोंदीत राहील. आणि पुढील वर्षी वैशाख पौर्णिमेला, उन्हाळा सरत असताना, काठावर जाऊन झाडे मोजावीत. लागवडीच्या दिवशी झालेल्या मोजणीपेक्षा ही मोजणी खरी असेल, आणि शासनाकडे जाब मागायचा असेल तर तो याच आकड्याने मागता येईल.